डिशवॉशरखालचे पाणी नेमके येते कुठून?

प्रश्न : आमचा डिशवॉशर चार वर्षांचा आहे. महिनाभरापासून दाराच्या खालून पाणी झिरपून फरशीवर साचते, पण दर वेळी नाही. दोनदा तर मशीन मध्येच थांबले आणि दार उघडले तरी आतला पंप घरघरत राहिला. दुरुस्ती करणाऱ्याने दाराचे रबर बदलून दिले, तरी फरक पडलेला नाही. आता काय करावे?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आपल्या पत्रातले ‘दर वेळी नाही’ हे शब्द सर्वांत महत्त्वाचे आहेत. रबर फाटलेले असते, तर जवळजवळ प्रत्येक वेळी पाणी आले असते. अधूनमधून येणारे पाणी बहुधा आपण मशीनमध्ये काय घालतो आणि भांडी कशी रचतो, याच्याशी निगडित असते. रबर बदलण्याची घाई झाली, असे आमचे मत आहे.

पुन्हा पाणी दिसेल त्या दिवशी मशीन थांबवून, वाफ निवू देऊन दार उघडावे आणि आत फेस आहे का ते पाहावे. डिशवॉशरची पावडर किंवा गोळी मुद्दाम फेस न होणारी बनवलेली असते. हाताने भांडी घासायचा लिक्विड साबण चमचाभर जरी आत गेला, तरी पंपाच्या फवाऱ्याने त्याचा एवढा फेस होतो की तो दाराच्या खालच्या फटीतून बाहेर वाट काढतो. साबण कोणी मुद्दाम घालत नसेलही. परंतु आपल्याकडे कढई किंवा कुकर आधी वडीच्या साबणाने घासून, घाईत अर्धवट विसळून मशीनमध्ये ठेवण्याची सवय असते, आणि तेवढा साबणही पुरतो. भांड्यांतले खरकटे काढून टाकणे पुरेसे आहे, आधी घासण्याची गरज नाही. रिन्स एड (शेवटच्या विसळण्यात भांडी डागांशिवाय वाळावीत म्हणून घालायचे द्रव) भरताना सांडल्यास तेही पुसून घ्यावे.

फेस नसेल, तर त्या दिवशी भांडी कशी लावली होती ते आठवावे. परात किंवा मोठे ताट खालच्या कप्प्यात दाराच्या बाजूला उभे केले असेल, तर खालच्या फिरत्या पंख्याचा फवारा त्यावर आपटून थेट दाराच्या फटीकडे वळतो. झारा किंवा उलथने जाळीतून खाली डोकावत असेल, तर पंखा अडतो आणि फवारा एकाच जागी मारा करत राहतो. दार लावण्याआधी पंखा हाताने एकदा फिरवून पाहणे हा यावरचा सोपा उपाय आहे. मशीन पुढच्या बाजूला किंचित कलले असले, तरीही पाणी दाराकडे येते. तेव्हा स्पिरिट लेव्हल ठेवून पुढचे पाय कमी-जास्त करावेत.

पंपाच्या घरघरीचे कारण मात्र स्वतंत्रपणे समजून घ्यायला हवे. बऱ्याच मशीनच्या तळाशी एक ट्रे आणि त्यात हलका तरंगता फ्लोट असतो. गळलेले पाणी ट्रेमध्ये साचले की फ्लोट वर उचलला जातो, आत येणारे पाणी बंद होते आणि उपसणारा पंप सतत चालू राहतो. म्हणजे तो बिघाड नसून बचाव आहे. मशीन तिरके करून ट्रे रिकामा केला की ते पुन्हा सुरू होते, आणि पुष्कळ ‘दुरुस्त्या’ एवढ्यावरच संपतात. गळती मात्र तशीच राहते. आपण प्लग काढून नळ बंद करावा, ट्रे सुकू द्यावा, मग मशीनखाली कोरडे वर्तमानपत्र अंथरून एक छोटा प्रोग्रॅम चालवावा. कागद पुढच्या कडेला भिजला, तर दार तपासावे. मागे भिजला, तर पाणी आत घेणाऱ्या किंवा बाहेर सोडणाऱ्या नळीचा जोड आणि त्यातला वायसर पाहावा. कागद कोरडा राहूनही पंप पुन्हा घरघरू लागला, तर गळती मशीनच्या पोटात, बहुधा पंपाच्या सीलपाशी किंवा आतल्या एखाद्या नळीला आहे. ते काम टेक्निशियनचेच आहे.

प्रश्न : मशीन बंद असतानाही आत पाणी साठते आणि एकदा सकाळी ते दारातून बाहेर आले. व्हॉल्व्ह बदलावा का?
– एक वाचिका, नाशिक

उत्तर : गाळणीखाली थोडे पाणी कायम असणे स्वाभाविक आहे, पण दाराबाहेर येईल इतके नव्हे. रात्री मशीनचा नळ पूर्ण बंद करून ठेवावा. सकाळी आत पाणी वाढलेले नसेल, तर आत पाणी सोडणारा व्हॉल्व्ह नीट मिटत नाही असा संशय घ्यावा आणि तो बदलेपर्यंत मशीन वापरात नसताना नळ बंदच ठेवावा. नळ बंद असूनही पाणी वाढले, आणि ते तेलकट व वास येणारे असले, तर ते सिंकमधून उलटे येत आहे. अशा वेळी सिंकखालचा तुंबलेला पाइप साफ करून, सांडपाण्याची नळी जोडाकडे नेण्याआधी ओट्याच्या खालच्या कडेपर्यंत उंच उचलून बांधून घ्यावी.