दक्षिणापथ नेमका कुठून जायचा, आणि त्यावरून लोक स्थलांतरही करायचे का?

दक्षिणापथ म्हणजे उत्तर भारत आणि दख्खन जोडणारी प्राचीन वाट. मार्ग पटकन सांगते. पैठण, महिष्मती, उज्जैन, विदिशा, कौशांबी, साकेत, श्रावस्ती. सुत्तनिपात या जुन्या बौद्ध ग्रंथात हाच क्रम आहे. गोदाकाठच्या बावरी नावाच्या ब्राह्मण गुरूचे सोळा शिष्य या वाटेने बुद्धाला भेटायला निघाले. बावरी स्वतः कोसलातून येऊन इकडे राहिलेला, म्हणजे त्या काळचा यूपीवालाच.

हेच मी आमच्या चुलतसासऱ्यांना भर पंगतीत ऐकवलं होतं. मी इंदूरची. लग्न होऊन पुण्यात आले तेव्हापासून दर कार्यात त्यांचा प्रश्न ठरलेला, "तुमच्याकडे घरात मराठी बोलतात का गं?" त्या मुंजीत मठ्ठा वाढून होतोय तोवर गाडी भय्यांवर घसरली. या लोकांनी इथे यावंच कशाला, वगैरे. म्हटलं, काका, माझे पूर्वज होळकरांकडे कारकुनी करायला नर्मदा ओलांडून गेले, त्यांना माळव्यात कुणी आमंत्रण दिलं होतं? म्हणाले, "आपण राज्य करायला गेलो, हे पोटासाठी येतात."

मग मात्र मी थांबले नाही. कारकुनी पोटासाठी नाही तर कशासाठी करतात? स्वारीमागे भिक्षुक, आचारी, कारकून, बाजारबुणगे जायचेच. स्वारी परतते, यातले कितीतरी तिथेच राहतात. तुघलकाने १३२७ मध्ये दिल्लीकरांना दौलताबादला हलवलं. राजधानी परत गेली, सगळी माणसं नाही गेली. दौलताबादजवळ खुलदाबादला दिल्लीहून आलेले सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांची कबर आहे, बुऱ्हाणपूर त्यांच्याच नावाचं. आणि २०२० च्या मे महिन्यात, लॉकडाऊनमध्ये, मुंबई-आग्रा रस्त्याने मध्य प्रदेशातल्या सेंधव्याकडे पायी निघालेले मजूर? तेही नर्मदाच ओलांडत होते. काकांनी जिलबी मागवली.

तर हो, स्थलांतर व्हायचं, दोन्ही बाजूंनी. मात्र दक्षिणापथ म्हणजे एकच आखीव रस्ता समजू नका, फाटे पुष्कळ. पैठण आणि तेरचा माल गाड्यांवरून भडोच बंदरात जायचा, ती वाट वेगळी. महिष्मती म्हणजे महेश्वर हेही बहुतेकांचं मत, सगळ्यांचं नव्हे.

नुसतं वाचू नका, बुऱ्हाणपूर-असीरगडकडे जाऊन या. अकबराने १६०१ मध्ये तो किल्ला घेतला, दख्खनची वाट त्याच्या पायथ्याशी होती म्हणून. बुऱ्हाणपूरच्या बाजारात मराठी कानावर पडते, मुद्दाम ऐका. काकांनाही घेऊन जायचं म्हणतेय. दर वेळी त्यांचे गुडघे दुखतात.