लिंबू आधी की नंतर? ग्रीक पद्धतीच्या मॅरिनेडविषयी वाचकांचे प्रश्न

मागील लेखात कोंबडीच्या ग्रीक पद्धतीच्या सुवलाकीची, म्हणजे सळईवर भाजलेल्या तुकड्यांची, कृती दिली होती. त्यावर आलेल्या प्रश्नांपैकी बहुतेकांचा रोख मॅरिनेडमधल्या, म्हणजे भाजण्यापूर्वी मांस मुरवण्याच्या मिश्रणातल्या, लिंबावर होता, म्हणून त्याच प्रश्नाने आरंभ करतो.

प्रश्न : ऑलिव्ह तेल, लिंबाचा रस, लसूण आणि ओरेगानो लावून कोंबडीचे तुकडे मी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले. जितके अधिक मुरेल तितके मऊ होईल अशी समजूत होती. प्रत्यक्षात तुकडे बाहेरून पिठूळ आणि आतून कोरडे झाले. काय चुकले? (एक वाचक, नाशिक)

चूक वेळेची आहे. लिंबाच्या रसातील आम्ल मांसात फार तर काही मिलिमीटर शिरते आणि तेवढ्या थरातील प्रथिनांची घडण बदलते. थोडा वेळ मिळाला तर हा थर मऊ होतो, परंतु बारा तास मिळाले तर तीच प्रथिने घट्ट आकसून पाणी सोडतात आणि पृष्ठभाग पिठासारखा लागतो. तेल आत शिरतच नाही. लसूण आणि ओरेगानो यांचा गंध पृष्ठभागावर धरून ठेवणे एवढेच त्याचे काम. खऱ्या अर्थाने आतपर्यंत पोहोचते ते मीठ, आणि मांस रसदार राहते ते मुख्यतः त्याच्यामुळे.

यात आपल्या कागदी लिंबाची आणखी एक अडचण आहे. ग्रीक घरांत वापरले जाणारे मोठे पिवळे लिंबू आणि आपले कागदी लिंबू ही वेगवेगळी फळे असून कागदी लिंबाचा रस अधिक झणझणीत असतो. परदेशी कृतीत ‘दोन लिंबे’ लिहिलेले पाहून लिंबे मोजण्याऐवजी रस चमच्याने मोजावा. अर्धा किलो कोंबडीला दोन मोठे चमचे ऑलिव्ह तेल, एक मोठा चमचा रस, दोन लसूण पाकळ्या, एक लहान चमचा ओरेगानो, सुमारे ४ ग्रॅम मीठ आणि थोडी मिरपूड पुरेशी होते. छातीच्या तुकड्यांना एक ते दोन तास आणि मांडीच्या तुकड्यांना फार तर चार तास द्यावेत.

रात्रभर ठेवायचेच असेल तर लिंबू वगळून बाकी सर्व लावावे आणि लिंबू भाजल्यानंतर वरून पिळावे. ग्रीसमधल्या सुवलाकीच्या दुकानांत, जिथे मांस बहुधा डुकराचे असते, लिंबाची फोड ताटातच देतात, त्यामागे हाच शहाणपणा आहे. दुसरा मार्ग दह्याचा. लिंबाच्या रसाचा सामू (pH, जितका कमी तितके आम्ल तीव्र) २ ते २.५ च्या आसपास, तर दह्याचा ४ ते ४.५ असल्यामुळे दह्याची क्रिया कितीतरी सौम्य असते. पाणी निथळलेले ग्रीक दही म्हणजे श्रीखंडासाठी आपण बांधतो त्या चक्क्याचेच भावंड, त्यामुळे महागडा डबा विकत आणण्याचे कारण नाही. चांगले विरजलेले दही मलमलच्या फडक्यात बांधून तीन-चार तास फ्रिजमध्ये टांगावे.

प्रश्न : पिझ्झाबरोबर येणाऱ्या पुड्यांतील ओरेगानो चालेल का? नसेल तर आपल्याकडचा पर्याय सुचवावा. (एक वाचक, सांगली)

त्या पुड्यांत बऱ्याचदा ओरेगानोबरोबर मीठ, मिरची आणि लसणाची भुकटीही असते, म्हणून पाठीमागची घटकयादी वाचून मगच ठरवावे. ओरेगानोला ग्रीक लोक ‘रीगानी’ म्हणतात. ती वनस्पती ते फुलांसकट जुड्या बांधून वाळवतात आणि ऐन वेळी तळहातावर चोळून घालतात. या वनस्पतीत ताज्यापेक्षा वाळलेल्याला अधिक मान आहे, हे कोथिंबिरीवर वाढलेल्या आपल्याला थोडे चमत्कारिक वाटते.

पर्याय मात्र आपल्या कुंडीतच असू शकतो. रीगानीचा उग्र गंध मुख्यतः कार्व्हाक्रॉल आणि थायमॉल या द्रव्यांचा. ओव्यात थायमॉल भरपूर असते आणि ज्याच्या जाड, लवदार पानांची आपण भजी करतो त्या पानओव्यात ही दोन्ही द्रव्ये आढळतात. अर्ध्या किलोला पानओव्याची दोन पाने बारीक चिरून किंवा भरडलेल्या ओव्याची चिमूट पुरते. ओवा त्याहून वाढला की ग्रीस बाजूला राहते आणि पोटदुखीच्या औषधाची आठवण येते.

प्रश्न : आम्ही सुरमईला मीठ, हळद आणि आगळ लावतो. ग्रीक पद्धतीत त्याऐवजी लिंबू-तेल लावून दोन तास ठेवावे का? (एक वाचक, रत्नागिरी)

दोन तास नकोच. माशाचे मांस नाजूक असल्यामुळे लिंबात ते थोड्याच वेळात पांढरे, अपारदर्शक आणि शिजल्यासारखे होते आणि मग तव्यावर विस्कटते. तुमची पंधरा-वीस मिनिटांची कोकणी पद्धत वेळेच्या बाबतीत अचूक आहे.

ग्रीक खानावळींत मासा मीठ-तेल लावून निखाऱ्यावर भाजतात आणि ताटात घेतल्यावर त्यावर ‘लादोलेमोनो’ ओततात. नावाचा अर्थच तेल-लिंबू. तीन भाग एक्स्ट्रा व्हर्जिन (फळे नुसती दाबून काढलेले) ऑलिव्ह तेल, एक भाग लिंबाचा रस, मीठ आणि चिमूटभर रीगानी एवढे काट्याने किंवा बरणीत हलवून दाटसर होईपर्यंत घोटायचे. हे मिश्रण थोड्या वेळाने पुन्हा फाटते, म्हणून वाढण्याच्या क्षणीच करावे. सुरमई आणि पापलेट यांना ते शोभते. बांगड्यासारख्या तेलकट माशासाठी मी आयोनियन बेटांवरचा ‘सावोरो’ सुचवीन : मासा पिठात घोळवून तळायचा आणि नंतर त्यावर लसूण व रोझमेरी घालून उकळलेले व्हिनेगर ओतायचे. येथेही आंबट येते ते विस्तवानंतरच.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. पनीर आणि भाज्या याच मिश्रणात मुरवता येतील का? (एक वाचक, डोंबिवली)

पनीर मुळात आम्लानेच फाडलेले असल्यामुळे लिंबाने ते आणखी मऊ होत नाही. कोमट मिठाच्या पाण्यात पंधरा मिनिटे ठेवून, पुसून, मग तेल आणि ओरेगानो लावावे. वांगी, ढोबळी मिरची आणि मशरूम यांना आधी मीठ-लिंबू लावले तर त्यांचे पाणी सुटते आणि तव्यावर ती भाजण्याऐवजी उकडतात. म्हणून या भाज्यांना नुसता तेलाचा हात लावून भाजाव्यात आणि गरम असतानाच लसूण, मीठ व लिंबू घालावे. गरम भाजी ते चटकन शोषून घेते.

ग्रीक घरांत आठवड्यातून अनेकदा होणारा ‘होर्ता’ हा पदार्थ तर अगदी आपल्या आवाक्यातला आहे : पालेभाजी उकडून, निथळून, वर तेल आणि लिंबू. उन्हाळ्यात त्यासाठी वापरली जाणारी ‘व्लीता’ म्हणजे माठ-राजगिऱ्याच्या कुळातलीच भाजी. लिंबू ताटात पिळावे, कारण आम्लात राहिली की हिरवी भाजी खाकी पडते.

प्रश्न : घरी निखारे नाहीत. बिडाच्या तव्यावर तसा रंग का येत नाही? (एक वाचक, पुणे)

ओलाव्यामुळे. पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या वर जात नाही आणि खमंग तपकिरी रंग साधारण १४० अंशांच्या पुढे येतो. मॅरिनेडमधून काढलेले तुकडे कागदी रुमालाने टिपावेत, लसणाचे कण झटकावेत कारण ते आधी जळून कडू होतात, तवा चांगला तापवावा आणि एका वेळी थोडेच तुकडे ठेवावेत. कोंबडी आतून ७४ अंश सेल्सिअसपर्यंत शिजली पाहिजे. काळा पडेपर्यंत भाजण्यात मात्र शौर्य नाही. करपलेल्या मांसात आरोग्याला घातक संयुगे तयार होतात.

प्रश्न : माझा रक्तदाब वाढलेला आहे. ऑलिव्ह तेल कितीही वापरले तरी चालते, हे खरे का? (एक वाचक, कोल्हापूर)

खरे नाही. एका मोठ्या चमचाभर ऑलिव्ह तेलात सुमारे १२० कॅलरी असतात, शेंगदाणा तेलातही तेवढ्याच. मॅरिनेडमधील बरेच तेल भांड्यात राहते, लादोलेमोनो मात्र पूर्ण पोटात जाते, म्हणून चमचा तिथे मोजावा. बाटलीवर ‘पोमेस’ लिहिलेले असेल तर ते चोथ्यातून द्रावकाने काढून शुद्ध केलेले तेल असते. वरून ओतण्यासाठी एक्स्ट्रा व्हर्जिनच घ्यावे.

तुमच्यासाठी खरी काळजी मिठाची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाची मर्यादा सांगितली आहे. वरच्या प्रमाणातले ४ ग्रॅम चौघांत वाटले तर प्रत्येकी १ ग्रॅम होते, परंतु सोबत फेटा हे खारट ग्रीक चीज आणि खारवलेली ऑलिव्ह आली की हा हिशेब कोसळतो. आणि ग्रीसमधल्या ज्या क्रीट बेटाच्या आहाराचे १९५० च्या दशकापासून एवढे कौतुक झाले, तिथले शेतकरी तेल सढळ हाताने वापरत असले तरी मांस क्वचितच खात. त्यांचे पोट भरे ते भाकरी, कडधान्ये आणि पालेभाज्यांवर.

प्रश्न : उरलेले मॅरिनेड आणि लसूण घातलेले तेल किती दिवस ठेवावे? भांडे कोणते घ्यावे? (एक वाचक, पणजी)

कच्च्या मांसाला लागलेले मॅरिनेड साठवू नये. रश्शासाठी हवे असेल तर ते खळखळून उकळावे, किंवा मांस घालण्यापूर्वीच थोडे बाजूला काढावे. तेलात बुडवलेली कच्ची लसूण बाहेर ठेवणे त्याहून धोक्याचे, कारण हवा न लागणाऱ्या त्या जागेत बोटुलिझमचे (एका जीवघेण्या अन्नविषबाधेचे) जंतू विष तयार करू शकतात आणि वासावरून ते कळत नाही. असे तेल फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवावे. भांडे काचेचे किंवा स्टीलचे घ्यावे. ॲल्युमिनियम आणि कल्हई नसलेले पितळ यांत आंबट ठेवत नाहीत. ताकाच्या बाबतीत हे आपल्या घरांत पूर्वीपासून पाळले जाते, लिंबू-तेलालाही तोच नियम लागू आहे.