दिल्लीतलं सरकार कलेला पैसे कसं देतं? सांगली-मिरजेपर्यंत ते पोचतात का?

पोचतात, पण थोडे आणि वळसे घेत. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संस्कृती मंत्रालयाला सुमारे ३,३६० कोटी रुपये होते, म्हणजे केंद्राच्या एकूण खर्चातल्या शंभर रुपयांत दहा पैसेही नाहीत. त्यातला सर्वांत मोठा वाटा पुरातत्त्व सर्वेक्षणाचा. बाकीच्यात ग्रंथालयं, संग्रहालयं, १९५३-५४ पासूनच्या तीन अकादम्या (संगीत नाटक, साहित्य, ललित कला), सात क्षेत्रीय सांस्कृतिक केंद्रं आणि अनुदान योजना. अकादम्या स्वायत्त आहेत, पण पैसा मंत्रालयाचाच.

मिरजेचं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. २०२४ मध्ये इथल्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ती नोंदणी वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. त्यातून रोख रक्कम मिळत नाही, नावाला संरक्षण मिळतं. सांस्कृतिक धोरण असं दुसऱ्याच खात्यातूनही घडतं. पण सतारीचा भोपळा कोरायला पुढची पोरं बसतील का, हे मानांकनाने ठरत नाही. तिथे शिकणाऱ्याला मानधनच हवं.

१८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीत नाटक उभं केलं ते तिथले संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने. आता आश्रय अर्ज करून मिळतो. तुमचा नाट्यगट असेल तर आधी संस्था नोंदवा, हिशेब तपासून घ्या आणि मंत्रालयाची गुरू-शिष्य परंपरा योजना बघा. त्यात गुरू आणि कलाकारांना दरमहा मानधन असतं.