कक्षा लंबवर्तुळ, मग सममिती कुठे आहे?

प्रश्न : कोनीय संवेग (वस्तुमान, केंद्रापासूनचे अंतर आणि त्रिज्येला लंब वेग यांचा गुणाकार) अक्षय्य राहतो तो अवकाशाच्या परिभ्रमण-सममितीमुळे, म्हणजे सर्व दिशा सारख्या असल्यामुळे, असे वैश्लेषिक यामिकीत (गतीच्या गणिती शास्त्रात) शिकवतात. परंतु ग्रहाची कक्षा लंबवर्तुळाकार असते आणि ती फिरवली तर पूर्वीसारखी दिसत नाही. मग ही सममिती नेमकी कशाची? (पदवीचा एक विद्यार्थी)

उत्तर : आपली शंका मुळाला हात घालणारी आहे. येथे सममिती गतीच्या नियमाची असते. त्या नियमानुसार घडणाऱ्या एखाद्या कक्षेत ती दिसलीच पाहिजे, असे नाही. लंबवर्तुळाचा अक्ष कोणत्या दिशेला असेल, हे ग्रह आरंभी कुठे होता आणि कोणत्या वेगाने निघाला यावर ठरते. मात्र ती कक्षा सूर्याभोवती हवी तेवढी फिरवली, तरी मिळणारी नवी कक्षा त्याच समीकरणाची तितकीच ग्राह्य उकल असते.

लाग्रांजियन, म्हणजे गतिज ऊर्जेतून स्थितिज ऊर्जा वजा करून मिळणारे फलन, ध्रुवीय निर्देशकांत लिहून पाहावे. त्यात सूर्यापासूनचे अंतर येते, अंतर आणि कोन यांच्या बदलाचे दर येतात. स्वतः कोन मात्र कुठेच येत नाही. जो निर्देशक लाग्रांजियनमध्ये नाही, त्याच्याशी निगडित संवेग काळानुसार बदलत नाही, हे लाग्रांजच्या समीकरणातून एका ओळीत निघते, आणि येथे तो संवेग म्हणजेच कोनीय संवेग. आकडे घालून पाहिले की खात्री पटते. जानेवारीच्या आरंभी पृथ्वी सूर्यापासून १४.७१ कोटी किलोमीटरवर असताना तिचा वेग सेकंदाला ३०.२९ किलोमीटर असतो, तर जुलैच्या आरंभी १५.२१ कोटी किलोमीटरवर तो २९.२९ होतो. या दोन्ही बिंदूंवर वेग त्रिज्येला लंब असल्याने अंतर आणि वेग यांचा सरळ गुणाकार करता येतो, आणि दोन्ही वेळा उत्तर ४४५.५ च्या आसपासच येते.

याचे व्यापक रूप गणितज्ञ एमी नोएथर यांनी १९१८ मध्ये सिद्ध केले : क्रियेच्या (लाग्रांजियनच्या काळावरील संकलनाच्या) प्रत्येक अखंड, म्हणजे हवी तेवढी थोडी-थोडी बदलता येणाऱ्या, सममितीमागे एक अक्षय्य राशी असते. ज्या ग्योटिंगेन विद्यापीठात हे काम झाले, तेथे तेव्हा स्त्री म्हणून त्यांना स्वतःच्या नावाने व्याख्याने देण्याचीही मुभा नव्हती, हे विसरू नये.

साध्या लंबकात गुरुत्वामुळे खालची दिशा वेगळी ठरते, कोन स्थितिज ऊर्जेत येतो आणि कोनीय संवेग टिकत नाही. काळ मात्र लाग्रांजियनमध्ये उघडपणे येत नाही, म्हणून घर्षण नसल्यास ऊर्जा टिकते. झुलत्या लंबकाचा दोरा वरच्या छिद्रातून कोणी ओढू लागले, की तीही टिकत नाही.

कक्षा दर फेरीला त्याच लंबवर्तुळावर परत यावी, यासाठी परिभ्रमण-सममिती पुरत नाही. ते व्यस्त वर्गाच्या (गुरुत्वबल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असण्याच्या) नियमातील आणखी एका, सहज न दिसणाऱ्या सममितीमुळे घडते. आइन्स्टाइनच्या गुरुत्वाच्या सिद्धान्तात (व्यापक सापेक्षतेत) ही दुसरी सममिती मोडते, पहिली शाबूत राहते. त्यामुळे इतर ग्रहांचा परिणाम वजा केला, तरी बुधाच्या कक्षेचा अक्ष शतकात ४३ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतो, पण सूर्याच्या गुरुत्वामुळे त्याच्या कोनीय संवेगात फरक पडत नाही.