वाचकांचे प्रश्न : पावसाळ्यात इन-ऑफ का हुकतो?

प्रश्न : आठवड्यातून तीन दिवस, दीड-दीड तास बिलियर्ड्स खेळतो. लाल बॉल निळ्याच्या ठिपक्यावर (टेबलाच्या मधोमध) ठेवून वरच्या पॉकेटचा लांब इन-ऑफ (पांढरा बॉल लालला लागून स्वतः पॉकेटमध्ये जाणं) उन्हाळ्यात दहात सहा वेळा जायचा. पाऊस लागल्यापासून दोनदाही जात नाही. टेबल बिघडलं की माझा हात? – एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : सुरुवात टेबलाने केली, पण आता चूक हाताची होते आहे. कापड लोकरीचं असतं, ते जूनपासून ओल धरतं आणि बॉल जड धावतो. मग पोहोचावा म्हणून आपण झटका देतो. खांदा उचलला जातो, टिप (क्यूचं, म्हणजे काठीचं टोक) बॉलच्या मध्याच्या खाली किंवा बाजूला लागते. त्यामुळे आधी स्ट्रोक तपासा.

पांढरा बॉल बॉक लाइनच्या (टेबलाच्या खालच्या टोकाजवळच्या आडव्या रेघेच्या) मधल्या ठिपक्यावर ठेवा. निळ्या, गुलाबी, काळ्या ठिपक्यांवरून सरळ वरच्या कुशनवर मारा आणि क्यू पुढेच धरून ठेवा. बॉल परत टिपेवर यायला हवा. जाताना ठिपक्यांवरून नीट गेला आणि येताना उजवीकडे सरकला, तर नकळत उजवी साइड (बाजूची फिरकी) लागली. जातानाच भरकटला, तर नेम किंवा कोपर वाकडं आहे. असे 20 स्ट्रोक. कंटाळवाणं आहे, पण हे टाळून पुढचं काही सुधारत नाही.

आता इन-ऑफ. उजव्या पॉकेटसाठी पांढरा बॉल मधल्या ठिपक्याच्या उजवीकडे, बॉक लाइनवर साधारण 15 ते 18 सेंटीमीटरवर ठेवा. आपल्या टेबलाची नेमकी जागा दोन-चार स्ट्रोकमध्ये सापडेल, ती मग बदलू नका. पांढऱ्याचा मध्य लालच्या उजव्या कडेवर धरा, म्हणजे अर्धा बॉल लागतो. टिप मध्याच्या किंचित वर, साइड अजिबात नको. पांढरा लोळत येऊन लागला की मूळ वाटेपासून साधारण 33-34 अंश वळतो. या शॉटची खुबी अशी, की स्पर्श थोडा जाड किंवा पातळ झाला तरी कोन फारसा बदलत नाही. म्हणून तो सारखा हुकत असेल तर कारण नेमापेक्षा बहुधा स्ट्रोकमध्ये सापडतं.

कुठे हुकला ते बघा. पॉकेटच्या अलीकडे बाजूच्या कुशनवर आदळला, तर पांढरा लोळण्याऐवजी घसरत येऊन लागला आणि जास्त वळला. टिप खाली लागल्याची किंवा झटक्याची ही खूण. तुमच्याकडे बहुतेक हेच होत असणार. वरच्या कुशनवर गेला, तर कमी वळला. स्पर्श फार जाड झाला तरी तेच होतं आणि फार पातळ झाला तरी तेच. दोन्हींतला फरक लाल बॉल सांगतो. अर्ध्या बॉलवर लाल डाव्या कुशनला लागतो, मधल्या पॉकेटपासून वरच्या पॉकेटपर्यंतच्या अंतराच्या साधारण दोन-तृतीयांशावर. त्याच्याही वर लागला तर जाड, मधल्या पॉकेटकडे लागला तर पातळ.

जोर लालवरूनच ठरवा. डावी कुशन, मग वरची कुशन घेऊन तो टेबलाच्या मधल्या भागात परतला पाहिजे, म्हणजे डीमधून (बॉक लाइनवरच्या अर्धवर्तुळातून) पुढचा शॉट मिळतो. बॉकमध्ये (बॉक लाइनच्या मागे) गेला तर हातातल्या बॉलने, म्हणजे इन-ऑफनंतर डीमध्ये ठेवलेल्या पांढऱ्याने, त्यावर थेट मारता येत नाही. तीन गुण मिळाले तरी डाव अडतो. ओल्या दिवसांत जोर वाढवायचा तो क्यू मागे जास्त नेऊन, संथपणे. पकड घट्ट करून नव्हे.

दीड तासातला पाऊण तास याला द्या. दहा-दहाचे संच मारा आणि वहीत दोनच रकाने ठेवा, ‘बाजूला’ आणि ‘वर’.

मार्करलाही (क्लबात टेबल सांभाळणाऱ्याला) विनंती करा : खेळाआधी बॉककडून काळ्या ठिपक्याकडे, कापडाच्या लवेच्या दिशेने ब्रश आणि त्याच दिशेने इस्त्री. इस्त्रीने ओल निघते आणि टेबल धावायला लागतं. बॉल कोरड्या सुती कापडाने पुसा. टिपेला लावलेल्या चॉकचा कण नेमका स्पर्शाच्या जागी आला तर बॉल उडी मारतो आणि चांगला शॉटही वाया जातो.

प्रश्न : आमच्याकडे सगळे स्नूकर खेळतात. बिलियर्ड्सचा सराव त्यात कामी येतो का? – एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : येतो, आणि भरपूर. पॉट करताना, म्हणजे समोरचा बॉल पॉकेटमध्ये घालताना, नजर रंगीत बॉलवर असते; इन-ऑफ आणि कॅनन (आपला बॉल दुसऱ्या दोन्ही बॉलना लावणं) करताना पांढरा कुठे जातो हेच मोजावं लागतं. तीच समज स्नूकरमध्ये पोझिशनला, म्हणजे पुढच्या शॉटसाठी पांढरा योग्य जागी थांबवायला, लागते. पुण्यात जन्मलेले पंकज अडवाणी दोन्ही खेळांत जगज्जेते आहेत. सुरुवातीला वर सांगितलेला इन-ऑफच घ्या, पण पांढऱ्याबरोबर लाल कुठे थांबला तेही प्रत्येक वेळी बघा.