राजगड ते तोरणा: पाठीवर सॅक घेऊन एक पूर्ण दिवस

तुमचा प्रश्न असा आहे की एका दिवसाचे ट्रेक बरेच झालेत, आता डिसेंबरात राजगड-तोरणा-रायगड हा चार दिवसांचा रेंज ट्रेक करायचाय. सगळं सामान पाठीवर घेऊन दिवसभर चालणं नेमकं कसं असतं आणि ते आपल्याला जमेल का?

जमेल. मी ही चाल दोनदा केली आहे, दोन्ही वेळा हिवाळ्यात. चारही दिवसांचं सांगत बसत नाही, फक्त दुसऱ्या दिवसाचं सांगते, म्हणजे राजगडाहून तोरण्याला जाण्याचं. पहिल्या दिवशी पायथ्याच्या गुंजवण्यातून राजगड चढतो तेव्हा अंगात नवा जोर असतो, संध्याकाळी पद्मावतीच्या देवळापाशी गप्पा रंगतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच सॅक परत खांद्यावर घ्यायची असते. खांद्याची हाडं दुखत असतात, पोटऱ्या आखडलेल्या असतात. एका दिवसाच्या ट्रेकला संध्याकाळी घरी परत येतो, त्यामुळे हा दुसरा दिवस आपल्या कधी वाट्यालाच आलेला नसतो. पहिली पंधरा-वीस मिनिटं अंग कुरकुर करतं. तेवढ्यावरून घाबरून जाऊ नका, चालता चालता ते सुटतं.

पहाटे पाचला उठा. चहा आणि पोटभर पोहे किंवा उपमा खाऊन साडेसहाला निघायचंच. उजाडायच्या आत सॅक भरून तयार हवी, नाहीतर चार माणसांत कुणाचं ना कुणाचं काहीतरी राहतं आणि तास जातो. जड वस्तू पाठीला लागून आणि वरच्या बाजूला, स्लीपिंग बॅग तळाशी. कमरेचा पट्टा घट्ट आवळा, वजन कमरेवर यायला हवं. पट्टा सैल ठेवून चालणाऱ्याचे खांदे दुपारपर्यंत कामातून जातात.

पद्मावतीवरून संजीवनी माचीला, म्हणजे गडाच्या लांब तटबंद सोंडेला, लागलात की सकाळचं कोवळं ऊन पाठीवर येतं. ही माची दोन किलोमीटरहून जास्त लांब आहे. दुहेरी तटबंदी, खाली उतरत जाणारे चिलखती बुरूज. इथे घाई करू नका, इतकी देखणी माची पुन्हा पुन्हा पाहावी अशीच आहे. मात्र फोटोंसाठी अर्ध्या तासाच्या वर थांबू नका. समोर सगळा वेळ तोरणा दिसत असतो आणि त्याच्या डाव्या अंगाला बुधला. तेलाचा बुधला उपडा ठेवल्यासारखा तो सुळका, म्हणून ती बुधला माची. हवेतून पाहिलं तर अंतर फार नाही, पण वाट डोंगराच्या धारेवरून चढउतार करत जाते आणि सॅक घेऊन आठ-नऊ तास सहज लागतात.

माचीवरच अळू दरवाजा आहे, तिथून बाहेर पडायचं. खालची उतरण मुरमाची आणि घसाऱ्याची आहे. सॅकचं वजन पुढे ढकलतं, म्हणून पाऊल आडवं टाका, गुडघे किंचित वाकवा आणि गवताला धरू नका, ते हातात येतं. माझ्या मते पूर्ण दिवसात सगळ्यात सांभाळून चालायची जागा हीच. चढताना माणूस दमतो, पण पडतो तो उतरताना.

त्यानंतर कारवीचं रान, मग उघडी धार. डावीकडे दूर भाटघर धरणाचं पाणी चमकतं, उजव्या हाताला वेल्ह्याची दरी. ढोरवाटा बऱ्याच फुटतात. नियम सोपा आहे, धार सोडायची नाही. वाट बराच वेळ उतरतच राहिली आणि तोरणा दिसेनासा झाला तर तिथेच थांबा, मागे फिरा. साडेदहा-अकराच्या सुमारास भुतोंडे गावाकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्याच्या खिंडीत पोचाल. सुट्टीच्या दिवशी तिथे लिंबूसरबत मिळतंही, पण त्या भरवशावर निघू नका.

आता पाण्याचं, कारण मला तुम्हाला मुख्य सांगायचंय ते हेच. पहिल्या वेळी आम्ही चौघं होतो आणि प्रत्येकाकडे दोनच लिटर पाणी. चार लिटर म्हणजे चार किलो, एवढं कशाला वाहायचं, असा हिशेब केला होता. खिंडीपर्यंत बाटल्या रिकाम्या. पुढच्या चढावर माझ्या मावसभावाच्या मांडीत गोळा आला, तो दगडावर आडवाच झाला. सुदैवाने धारेवर एक धनगराचं घर लागलं. दारात एक आजी शेण्या रचत होत्या. मी विचारलं, "आजी, थोडं पाणी मिळेल का?" त्या म्हणाल्या, "पान्याला काय इचारतीस? बसा वाईच सावलीला." तांब्यामागून तांब्या आम्ही प्यायलो. भावाला त्यांनी मुठीत मीठ आणून दिलं, पाण्यात घालून पी म्हणाल्या.

तहान भागल्यावर माझं लक्ष घरात गेलं. कोपऱ्यात दोनच हंडे. एक आम्ही जवळजवळ तळाला नेला होता. पाणी कुठून आणता विचारलं तर त्यांनी हनुवटीनेच खालचा ओहोळ दाखवला. त्या उतारावरून रोज, त्या वयात, डोक्यावर हंडा घेऊन. मला तिथे बसवेना. पैसे पुढे केले तर त्यांनी हात मागे घेतले. मग मी आणि एक मैत्रीण हंडा घेऊन खाली उतरलो. झऱ्याची धार करंगळीएवढी होती, वाटीने भरावं लागलं. येताना चुंबळ डोक्यावर नीट बसेना, हंडा कलला की पाणी मानेवरून पाठीत उतरायचं. वर पोचलो तेव्हा पाऊण तास होऊन गेला होता आणि हंडा पाऊणच भरलेला. आजी म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गं, हाय तेवढं पुष्कळ झालं."

तेव्हापासून माझा नियम आहे. या धारेवर माणशी चार लिटर पाणी राजगडावरूनच घ्यायचं, टाक्यातलं गाळून आणि क्लोरीनची गोळी टाकून. सकाळी सॅक जड लागते, पण घोट घोट पीत गेलात की ती दर तासाला हलकी होत जाते. तहान लागायची वाट पाहू नका. दोन लिटरमध्ये मीठ-साखर किंवा ओआरएस घाला. धारेवरच्या घरी थांबलात तर ताक घ्या, त्याचे पैसे द्या, पण त्यांच्या हंड्यावर आपला दिवस टाकू नका. उन्हाळ्याकडे ते झरे आणखी बारीक होतात.

जेवण दुपारी साडेबाराला, झाडाखाली. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ. भरपेट नको. त्याच वेळी बूट-मोजे काढून पाय वाऱ्यावर ठेवा आणि टाच, करंगळी चाचपून बघा. कातडी लाल, गरम लागली तर लगेच चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर उरलेले दोन दिवस फार वाईट जातात.

दुपारनंतर ऊन तोंडावर येतं. एकामागून एक टेकड्या, प्रत्येक वेळी वाटतं हीच शेवटची. पन्नास मिनिटं चालून दहा मिनिटं थांबा आणि सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा. बुधला माचीखालचा टप्पा उभा, खडकाचा आणि घसाऱ्याचा आहे. एका वेळी एकानेच चढायचं, खालच्याने बाजूला उभं राहायचं. कड्यांना आग्यामोहोळं असतात, म्हणून अत्तर नको, धूर नको, आरडाओरडा नको.

पहिल्या खेपेला तो पाऊण तास गेल्यामुळे हा टप्पा आम्ही टॉर्चच्या उजेडात चढलो. मी पुन्हा तसं करणार नाही. दुसऱ्या खेपेला चारला माचीवर होतो. कोकण दरवाजातून आत जाऊन मेंगाईच्या देवळाजवळ पोचलो तेव्हा ऊन अजून पिवळं होतं. तोरणा १४०३ मीटर उंच आहे, त्यामुळे पश्चिमेला हवा स्वच्छ असेल तर लिंगाणा आणि त्यामागे रायगड दिसतो. पूर्वेला सकाळी सोडलेली संजीवनी माची. तेवढं सगळं आपण चाललो हे डोळ्यांनी पाहिल्यावर मला रडू आलं होतं.

गडावरच्या मुक्कामाचे नियम बदलत असतात, निघण्याआधी पायथ्याच्या गावात चौकशी करा. जिथे झोपाल तिथे आधी पाय धुवून कोरडे करा, थोडं खोबरेल चोळा, कोरडे मोजे घाला. आणि बाटल्या रात्रीच भरून ठेवा, तिसऱ्या दिवशीची, रायगडाच्या वाटेवरच्या मोहरी गावापर्यंतची चाल याहून लांब आहे.