वडिलांच्या मेंदूची नस ८० टक्के अरुंद आहे, तरी डॉक्टर स्टेंट न टाकता नुसत्या गोळ्या का देतायत?

मी न्यूरॉलॉजी वॉर्डात काम करते आणि नातेवाईक हे सारखं विचारतात, की हृदयात स्टेंट (नस उघडी ठेवणारी जाळीची नळी) टाकतात मग डोक्यात का नाही. वडिलांना नुकताच छोटा स्ट्रोक येऊन गेलाय म्हणताय, त्यामुळे तुमची घालमेल कळते, पण डॉक्टर टाळाटाळ करत नाहीयेत.

बीपी, शुगर, कोलेस्टेरॉलमुळे चरबी साचून मेंदूतली नस अरुंद झाली असेल तर त्यावर सॅम्प्रिस नावाचा मोठा अभ्यास झालाय, २०११ साली छापून आला. ७० ते ९९ टक्के अरुंद नस असलेले ४५१ पेशंट घेतले, काहींना औषधं आणि स्टेंट दोन्ही, बाकीच्यांना फक्त औषधं, आणि पहिल्या ३० दिवसांतच स्टेंटवाल्यांपैकी १४.७ टक्के लोकांना परत स्ट्रोक आला किंवा ते दगावले, गोळ्यांवाल्यांत ५.८ टक्के, म्हणून नवीन पेशंट घेणंच थांबवलं. मेंदूतल्या नसेला केसासारख्या बारीक फांद्या असतात, स्टेंट फुलवताना चरबी त्यांच्या तोंडाशी ढकलली जाते आणि त्या बंद पडतात, कधी रक्तस्रावही होतो.

आणि 'नुसत्या गोळ्या' म्हणू नका हो! अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या मिळून साधारण ९० दिवस, मग बहुतेक एकच, स्टॅटिन म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी देऊन एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ७० च्या खाली, वरचं बीपी १४० च्या खाली, तंबाखू-सिगरेट पूर्ण बंद. यातली एकही गोळी मनाने बंद करायची नाही, बरं वाटतंय म्हणून तर अजिबात नाही. एवढं सगळं नीट घेऊनही परत परत स्ट्रोक येत असेल तर मग काही निवडक पेशंटमध्ये स्टेंटचा विचार करतात.

पण नस कुठली आणि का अरुंद झाली हे नक्की विचारा, कारण त्यावर सगळं बदलतं. मानेतून मेंदूला रक्त नेणारी कॅरोटिड नस ७० टक्क्यांच्या वर अरुंद असेल आणि स्ट्रोक त्याच बाजूचा असेल तर ऑपरेशन करून चरबी काढण्याचा खरंच फायदा होतो, तेही शक्यतो दोन आठवड्यांत. मोयामोया असेल, म्हणजे मेंदूच्या तळाच्या नसा हळूहळू बंद होत जाणारा आजार, जो लहान मुलांत आणि तरुणांतही दिसतो, तर डोक्याच्या कातडीखालची नस आतल्या नसेला जोडून बायपास करतात. नसेला सूज असेल तर स्टिरॉइड लागतात. उलट नस नुसती आकसली असेल, ज्यात अचानक भयंकर डोकं दुखतं, तर ती बहुतेक वेळा तीन महिन्यांत आपोआप मोकळी होते आणि तिथे स्टिरॉइडने नुकसानच होऊ शकतं.

तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं तर मात्र फोनाफोनीत वेळ न घालवता तडक हॉस्पिटल गाठा, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.